उपग्रह उसना, डिश मात्र आपली: विक्रम साराभाईंनी आधी जमिनीवरचं काम का शिकायला घेतलं?

तुमच्या गच्चीवर किंवा समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर टीव्हीची डिश असेलच. साधारण ६० सेंटीमीटर रुंद, एका हाताने उचलता येईल अशी. आता अशीच एक डिश डोळ्यासमोर आणा, पण २९.७ मीटर व्यासाची. म्हणजे उभी केली तर जवळपास दहा मजली इमारतीएवढी. आणि ती नुसती उभी नाही, तर आकाशातल्या एका ठिपक्याकडे अचूक रोखलेली.

अशी डिश आपल्याकडे पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला उभी राहिली. नारायणगावच्या जवळच. त्याच तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही प्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, त्यामुळे बरेच जण दोन्हीची गल्लत करतात. मीसुद्धा अनेक वर्षं करत होतो. पण जीएमआरटी दूरच्या ताऱ्यांचे आणि आकाशगंगांचे रेडिओ सिग्नल ऐकते. आर्वीची डिश माणसांची बोलणी जगाकडे पाठवण्यासाठी होती. भारताचं उपग्रहामार्फत परदेशाशी व्यापारी संपर्क साधणारं हे पहिलं स्थानक, आणि त्याला नाव दिलं गेलं विक्रम अर्थ स्टेशन.

हे विक्रम म्हणजे विक्रम साराभाई. इस्रोचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो, आणि त्यांचं नाव आलं की डोळ्यासमोर रॉकेट येतं. मला मात्र आज त्यांची दुसरी बाजू सांगायची आहे. आपल्याकडे स्वतःचा एकही उपग्रह नसताना या माणसाने उपग्रहाशी बोलणारी जमिनीवरची यंत्रं बनवायचा आग्रह धरला. त्या आग्रहातून इंजिनियर घडले आणि उपग्रह संपर्काची यंत्रं बनवणारी एक सरकारी कंपनीही वाढली.

गिरणीमालकाच्या घरातला भौतिकशास्त्रज्ञ

विक्रम साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादचा. वडील अंबालाल साराभाई म्हणजे शहरातले बडे गिरणीमालक. आई सरलादेवींनी मुलांसाठी घरच्या आवारातच शाळा चालवली होती. पैशाची ददात नव्हती, त्यामुळे विक्रमभाईंनी नुसता घरचा धंदा सांभाळला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं.

पण ते केंब्रिजला गेले आणि १९४० मध्ये तिथली ट्रायपॉस परीक्षा पास झाले. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं म्हणून भारतात परतले आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली कॉस्मिक किरणांवर काम करू लागले. कॉस्मिक किरण म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर सतत आदळणारे वेगवान कण. ते मोजायची उपकरणं तेव्हा दुकानात तयार मिळत नसत. काचेच्या नळ्या, तारा, व्हॉल्व्ह जोडून प्रयोगशाळेतच ती बनवावी लागत. बिघडली तर दुरुस्तही आपणच करायची.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. यंत्र विकत घेणं आणि यंत्र समजणं यातला फरक त्यांना तरुणपणीच कळला होता.

युद्धानंतर ते पुन्हा केंब्रिजला गेले, १९४७ मध्ये पीएच.डी. घेऊन परत आले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदाबादला फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी सुरू केली. वय होतं २८. त्याच सुमारास कापड गिरण्यांसाठी संशोधन करणारी अटिरा ही संस्थाही उभी केली. शिवाय बडोद्याचा घरचा औषध आणि रसायनांचा कारखाना होताच. म्हणजे एक पाय प्रयोगशाळेत आणि दुसरा कारखान्यात.

पहिलं रॉकेटही उसनंच होतं

१९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली भारताची अंतराळ संशोधन समिती स्थापन झाली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळमधल्या थुंबा या कोळ्यांच्या गावातून पहिलं रॉकेट उडालं. हे नाइकी-अपाची रॉकेट अमेरिकन होतं. चारच वर्षांनी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, तिथूनच रोहिणी हे भारतात बनलेलं छोटं रॉकेट उडालं. त्याचा व्यास होता फक्त ७५ मिलिमीटर. आज हसू येईल, पण ते आपलं होतं.

साराभाईंची पद्धत इथे दिसते. पहिली वस्तू उसनी आणायची, त्यात लाज मानायची नाही. पण ती वापरता वापरता शिकायचं, म्हणजे पुढची आपण बनवू शकतो. उपग्रहाच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं, फक्त सुरुवात वेगळ्या टोकाकडून केली.

उपग्रह आकाशात, पण खरं काम जमिनीवर

इथे थोडं तंत्रज्ञान समजून घेऊ, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीभोवती बरोबर पृथ्वीच्याच गतीने फिरतो. त्यामुळे खालून बघणाऱ्याला तो एकाच जागी थांबलेला वाटतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची दृश्यं सिन्कॉम-३ या अशाच उपग्रहामार्फत अमेरिकेत पोचली आणि या कल्पनेत दम आहे हे जगाला कळलं.

अडचण अशी की सुरुवातीच्या उपग्रहांचे ट्रान्समीटर फारच कमी ताकदीचे होते, काही वॅटचे. घरातला एलईडी बल्बसुद्धा तेवढी वीज खातो! तो सिग्नल ३६ हजार किलोमीटर पसरत खाली येणार. जमिनीवर पोचेपर्यंत त्यात उरतं काय? अगदी नावापुरतं. मग तो गोळा करायला मोठी परात लागते. पाऊस रिमझिम असेल तर वाटीत थेंबभर पाणी जमतं, पण मोठ्या ताडपत्रीवर बादलीभर जमतं, तसं. आर्वीच्या डिशचं क्षेत्रफळ तुमच्या गच्चीवरच्या डिशच्या जवळपास अडीच हजार पट होतं ते याचसाठी.

पण नुसती मोठी असून भागत नाही. एवढी मोठी डिश आकाशाचा अगदी छोटासा तुकडा बघते, पूर्ण चंद्र जेवढा दिसतो त्याच्या साधारण एक तृतीयांश रुंदीचा. त्यामुळे शेकडो चौरस मीटरचा पत्रा काही मिलिमीटरच्या आतच वाकलेला चालतो, वारा आला तरी हलून चालत नाही, आणि उपग्रह जरासा सरकला की डिशलाही हळूच वळावं लागतं. एवढं करून मिळालेला सिग्नल इतका बारीक असतो की ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या उष्णतेचा आवाजही त्याला गिळून टाकू शकतो. म्हणून त्या काळी अशा मोठ्या स्थानकांत ॲम्प्लिफायर अतिशीत करून ठेवत.

थोडक्यात, यात सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, सगळ्यांचाच कस लागतो. उपग्रह सोडायला मोठं रॉकेट लागतं आणि ते आपल्याकडे नव्हतं. पण डिश जमिनीवरच बनते. तिथून सुरुवात करायला आपल्याला कोणी अडवलं नव्हतं.

अहमदाबादची शाळा, हैदराबादची कंपनी

१९६७ मध्ये अहमदाबादला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने एक प्रायोगिक उपग्रह संपर्क स्थानक सुरू झालं. तिथली डिश १४ मीटरची. हे स्थानक कमाईसाठी नव्हतं, शिकण्यासाठी होतं. भारतातले आणि इतर विकसनशील देशांतले इंजिनियर तिथे येऊन डिश रोखायला, सिग्नल पकडायला आणि बिघाड शोधायला शिकत. कंपनी वाढण्याआधी माणसं वाढवली गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया लिमिटेड, म्हणजे ईसीआयएल, स्थापन झाली. हिचं मूळ आपल्या मुंबईत, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात. अणुभट्ट्यांना लागणारी मोजमापाची आणि नियंत्रणाची उपकरणं होमी भाभांच्या काळापासून तिथेच बनवली जात होती. ते ज्ञान कारखान्यात नेऊन त्याचं उत्पादन करायचं, हा कंपनीचा उद्देश. कंपनी उभी केली ती ए. एस. राव यांनी. आणि वर अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षपदी होते साराभाई, कारण जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात भाभा गेले आणि त्याच वर्षी ती जबाबदारी साराभाईंकडे आली.

म्हणजे आता एकाच माणसाच्या हाताखाली अंतराळ कार्यक्रम होता, इंजिनियर शिकवणारं स्थानक होतं आणि इलेक्ट्रॉनिक्स बनवणारा कारखानाही होता. साराभाईंनी हे तिन्ही धागे एकत्र विणले.

आर्वी: चुकलं असतं तर?

तोवर आपला परदेशाशी संपर्क कसा चालायचा? मुख्यतः शॉर्टवेव्ह रेडिओवर. १९२७ पासून खडकी आणि दौंडच्या स्थानकांतून मुंबई-लंडन बिनतारी तारसेवा चालायची. शॉर्टवेव्ह लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात. तो थर दिवसरात्र बदलतो, सूर्यावर वादळ झालं की बिघडतो. परदेशी कॉल आधी बुक करायचा, मग वाट बघत बसायचं, आणि लागला तर खरखरीत ओरडून बोलायचं. तीन मिनिटांच्या बोलण्यात निम्मा वेळ ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच जायचा.

उपग्रह हा त्यावरचा उपाय होता. असं स्थानक हवं असलेल्या देशांसाठी सोपा रस्ता ठरलेला होता. परदेशी कंपनीला कंत्राट द्यायचं, ती सगळं उभारून चावी हातात देणार. पैसे मोजा, काम फत्ते.

साराभाईंनी आग्रह धरला की हे काम आपल्याच अणुऊर्जा खात्याकडे द्या, आपले इंजिनियर ते करतील. विचार करा, हा केवढा जुगार होता. एवढी मोठी डिश इथे कोणी बनवली नव्हती. फसलं असतं तर देशाचा परदेश संपर्क रखडला असता, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढची कित्येक वर्षं कोणीही म्हणालं असतं की बघा, आपल्याला जमत नाही, परदेशातूनच आणा. एका डिशवर पुढच्या सगळ्या डिशांची पत लागली होती.

हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की आर्वीतला प्रत्येक सुटा भाग भारतात बनला नव्हता. काही महत्त्वाची इलेक्ट्रॉनिक्स बाहेरूनच आणावी लागली. पण आराखडा, उभारणी, जोडणी, तपासणी, म्हणजे अख्ख्या स्थानकाची जबाबदारी आपल्या लोकांनी पेलली. अहमदाबादच्या शाळेत शिकलेले हात इथे कामाला आले. आणि डिश चालली. हिंदी महासागरावरच्या इंटेलसॅट उपग्रहामार्फत भारत जगाशी बोलू लागला.

३० डिसेंबर १९७१

त्या दिवशी सकाळी कोवळमच्या समुद्रकाठच्या मुक्कामी साराभाई झोपेतच गेल्याचं लक्षात आलं. वय अवघं ५२. अणुऊर्जा, अंतराळ, घरचे उद्योग, अहमदाबादच्या संस्था, सगळं एकाच वेळी खांद्यावर. सतत प्रवास. एका माणसाने एवढं ओढून घेणं बरोबर होतं का, हा प्रश्न मला पडतोच. त्यांच्यानंतर अणुऊर्जा आणि अंतराळ ही दोन कामं वेगळी झाली, आणि १९७२ मध्ये स्वतंत्र अंतराळ खातं निघालं.

त्यांच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी, २६ फेब्रुवारी १९७२ ला, पंतप्रधान इंदिरा गांधींनी आर्वीचं स्थानक देशाला अर्पण केलं. पोस्टाने त्यावर तिकीटही काढलं. ज्यांनी हा हट्ट धरला ते मात्र त्या कार्यक्रमाला नव्हते.

कोंबड्यांच्या जाळीची डिश

पण त्यांच्या डोक्यातली खरी गोष्ट अजून व्हायची होती. श्रीमंतांचे परदेशी कॉल ही त्यांची मुख्य काळजी कधीच नव्हती. त्यांना गावात टीव्ही हवा होता, शेती, आरोग्य आणि शाळेसाठी. १९६७ मध्ये दिल्लीजवळच्या ८० गावांत सामुदायिक टीव्ही बसवून कृषिदर्शन कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे त्यांचाच पुढाकार होता. पोटाला अन्न नाही आणि यांना टीव्ही सुचतोय, अशी टीका होणं साहजिक होतं. त्यांचा हिशेब वेगळा होता. मनोरे उभारत गेलं तर टीव्ही आधी शहरात येतो आणि सगळ्यात आडगावाला सगळ्यात शेवटी पोचतो. उपग्रहाला मात्र मुंबई आणि डोंगरातला पाडा सारखाच.

सप्टेंबर १९६९ मध्ये त्यांनी नासाशी करार केला होता. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह एक वर्षासाठी वापरायला मिळणार. पुन्हा उपग्रह उसना! पण जमिनीवरची यंत्रं आणि कार्यक्रम आपले.

१ ऑगस्ट १९७५ ला हा साईट प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं. प्रयोगाच्या कामाची धुरा ज्यांच्याकडे होती ते एकनाथ चिटणीस मूळचे कोल्हापूरचे, साराभाईंचे जुने सहकारी. गावातली यंत्रं अहमदाबादच्या इंजिनियरांनी आखली आणि ईसीआयएलने बनवली. एटीएस-६ चा स्वतःचा अँटेना नऊ मीटरचा, छत्रीसारखा उघडणारा होता. वरून सिग्नल जोरदार येत असल्यामुळे खाली ३० मीटरची गरज नव्हती, ३ मीटरची डिश पुरत होती. आणि ती बनवली कशाची? कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची. लहरीच्या लांबीपेक्षा जाळीची भोकं खूप लहान असली की लहरींना ती जाळी सपाट पत्र्यासारखीच वाटते. जाळी स्वस्त, हलकी, आणि वारा आरपार जातो. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालवले.

आता कंपनीच्या बाजूने बघा. आर्वीला एक मोठं स्थानक. साईटला हजारो संच, आणि तेही धूळ, ऊन, पाऊस, कमीजास्त होणारी वीज सोसणारे. एक उत्तम नमुना बनवणं ही प्रयोगशाळेची हुशारी असते. तसेच हजारो बनवून ते खेड्यात चालू ठेवणं, याला कारखाना लागतो. ईसीआयएलला हा धडा इथे मिळाला.

ठरल्याप्रमाणे ३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला आणि अमेरिकेने उपग्रह परत नेला. उसन्या वस्तूचं हे असंच असतं. पण शिकलेली माणसं कोणी परत नेऊ शकत नव्हतं. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी काम करू लागला, तोही अमेरिकेत बनलेला. पण त्याचा वापर कसा करायचा हे आपल्याकडे आधीच माहीत होतं.

आज काय उरलंय?

ईसीआयएल आजही आहे. तिचे ईसी टीव्ही एकेकाळी घराघरांत होते, पुढे खासगी कंपन्यांच्या स्पर्धेत ते मागे पडले. देशातली मतदान यंत्रं ज्या दोन सरकारी कंपन्या बनवतात त्यातली एक हीच. आणि डिश? बंगळूरजवळ ब्यालालूला ३२ मीटरची डिश आहे, जिच्यावरून २००८ मध्ये चांद्रयान-१ शी बोलणं झालं. ती ईसीआयएलच्या कामाचीच पावती. आर्वीची डिश ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाशी बोलायची, ही जवळपास चार लाख किलोमीटरवरच्या चंद्राशी.

दरम्यान उपग्रह ताकदवान होत गेले आणि जमिनीवरचे अँटेना लहान. तीस मीटर, मग तीन मीटर, मग गच्चीवरची ६० सेंटीमीटर. आता तर काही फोन नेटवर्क नसलेल्या ठिकाणाहून थेट उपग्रहाला एसओएस मेसेज पाठवतात. म्हणजे तो महाकाय अँटेना तुमच्या खिशात येऊन बसला.

साराभाईंचे फोटो आपण रॉकेटशेजारी लावतो, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यांची ओळख त्या जाळीच्या डिशमध्ये जास्त दिसते. जे आपल्याकडे नाही ते मागून आणायला त्यांना कमीपणा वाटला नाही. जे आपल्याला बनवता येईल ते विकत आणू मात्र दिलं नाही. पुढच्या वेळी नारायणगावहून जाल तेव्हा आर्वीचं नाव लक्षात ठेवा. आपण जगाशी उपग्रहावरून बोलायला शिकलो ते तिथे.